टेप वाचायची म्हणजे नेमकं काय बघायचं?

इंट्राडे, म्हणजे एकाच दिवसात घेऊन विकायचे सौदे, शिकायला बसलेला माणूस आधी चार्टकडे जातो. कँडल, मूव्हिंग अ‍ॅव्हरेज, आरएसआय हे सगळं त्याला लवकरच पाठ होतं. पण पाच मिनिटांची एक कँडल म्हणजे त्या पाच मिनिटांत झालेल्या शेकडो, कधी हजारो सौद्यांचा गोषवारा असतो. पहिला भाव, शेवटचा भाव, सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा, एवढे चारच आकडे त्यात उरतात. मधल्या काळात कोण घाईत होतं, कोण शांतपणे बसून माल गोळा करत होतं, कुठल्या भावाला विकणाऱ्यांनी पाय रोवले होते, हे त्या चार आकड्यांतून कळत नाही. ते कळून घ्यायचं तर सौदे होत असतानाच त्यांच्याकडे बघावं लागतं. टेप रीडिंग म्हणतात ते यालाच.

मूळ विद्या न्यूयॉर्कची. १८६७ मध्ये एडवर्ड कॅलाहन यांनी तारेवरून आलेले शेअरचे भाव कागदाच्या अरुंद पट्टीवर छापणारं यंत्र आणलं. पुढच्या काही वर्षांत थॉमस एडिसन यांनी त्यात सुधारणा केल्या. पट्टीवर कंपनीचं लघुनाव, शेअरची संख्या आणि भाव इतकंच उमटायचं. ब्रोकरच्या पेढीत यंत्राशेजारी बसून ती पट्टी बोटांतून सरकवत लोक अंदाज बांधायचे. जेसी लिव्हरमोर हा पुढे गाजलेला सट्टेबाज कोवळ्या वयात बोस्टनमधल्या एका पेढीत फळ्यावर भाव लिहायच्या कामाला होता; भाव कसे हलतात याचं त्याचं शिक्षण तिथेच झालं.

आपल्याकडे दलाल स्ट्रीटवर रिंग होती. जॉबर खरेदीचा आणि विक्रीचा असे दोन्ही भाव तोंडाने द्यायचे, ब्रोकरची माणसं ओरडून सौदे करायची. तिथे मुरलेला माणूस कानांनी आणि डोळ्यांनी बाजार वाचायचा: कुणाचा आवाज चढला, कोण त्याच शेअरसाठी पुन्हा पुन्हा परत येतंय, कुठला जॉबर अचानक भाव द्यायला कां-कू करतोय. नोव्हेंबर १९९४ मध्ये एनएसईवर शेअरचे सौदे संगणकाच्या पडद्यावर सुरू झाले, १९९५ मध्ये बीएसईची बोल्ट ही संगणकी यंत्रणा आली आणि रिंगेतला आरडाओरडा संपला. आता समोर माणूस नाही, ब्रोकरचं नावही नाही. भाव, संख्या आणि वेळ एवढंच आहे. म्हणजे गंमत अशी की, आपण पुन्हा त्या कागदी पट्टीसारख्या कोऱ्या आकड्यांपाशी आलो आहोत, फक्त आता शिल्लक ऑर्डरीही दिसतात.

मार्केट डेप्थ वाचताना

ब्रोकरच्या अ‍ॅपमध्ये एखाद्या शेअरवर टॅप केलं की मार्केट डेप्थ दिसते. डावीकडे खरेदीच्या सर्वांत चांगल्या पाच किमती, उजवीकडे विक्रीच्या पाच. समजा एक शेअर ४१२ रुपयांच्या आसपास चाललाय. इथले आणि पुढचे असे आकडे समजावण्यापुरते धरलेले आहेत. डावीकडे ४१२.०० ला १,८५० शेअर घ्यायला लोक उभे आहेत, ४११.९५ ला २,४००, ४११.९० ला ६,१००. उजवीकडे ४१२.१० ला ९०० शेअर विकायला आहेत, ४१२.१५ ला ३,२०० आणि ४१२.२० ला १२,०००. मधल्या ४१२.०५ ला कुणीच नाही. एनएसईवर अडीचशे ते हजार रुपयांच्या शेअरला टिक, म्हणजे भाव कमीत कमी जेवढ्याने हलू शकतो ते अंतर, पाच पैशांचा असतो, म्हणजे खरेदी आणि विक्रीत इथे दोन टिकांचं अंतर आहे. हा स्प्रेड.

आता एकजण १,५०० शेअरची मार्केट ऑर्डर, म्हणजे समोर असेल त्या भावाला घ्यायची ऑर्डर, टाकतो. त्याला ४१२.१० चे ९०० मिळतात आणि उरलेले ६०० तो ४१२.१५ ला उचलतो. पडद्यावर शेवटचा भाव ४१२.१५ दिसतो. एका भावावर अनेक ऑर्डरी असतील तर जो आधी आला त्याचा नंबर आधी लागतो. एक्सचेंजचा हा नियम सरळ आहे: आधी चांगला भाव, मग आधीची वेळ.

या छोट्या घटनेतून तीन प्रश्न विचारता येतात आणि सगळं टेप रीडिंग या तीन प्रश्नांचंच आहे असं मी मानतो. पहिला, घाई कुणाला होती? इथे घेणाऱ्याला, तो विकणाऱ्याच्या भावापर्यंत चालून गेला. दुसरा, त्याने किती माल उचलला आणि त्या बदल्यात भाव किती हलला? आणि तिसरा, तो निघून गेल्यावर काय झालं? ४१२.०५ किंवा ४१२.१० ला लगेच नवे खरेदीदार येऊन उभे राहिले, तर वरचा भाव बाजाराने मान्य केला. खरेदी ४१२.०० वरच थांबली आणि ४१२.१० ला पुन्हा कुणी विकायला आलं, तर पंधराशे शेअर खपूनही काही बदललं नाही.

तिसरा प्रश्न बहुतेकजण विचारत नाहीत. भाव वर गेला की हिरवा आकडा बघून बोट बायच्या बटणावर जातं. शिकणाऱ्याने सर्वांत जास्त वेळ द्यायचा तो सौदा झाल्यानंतरच्या या काही सेकंदांना.

‘आज बाजारात खरेदीदार जास्त होते’ हे वाक्य बातम्यांत नेहमी येतं. प्रत्येक सौद्यात एक घेणारा आणि एक विकणारा असतो, संख्याही तितकीच असते. फरक पडतो तो स्प्रेड कुणी ओलांडला यामुळे. शंभरपैकी सत्तर सौदे विक्रीच्या भावाला झाले असतील, तर घाई घेणाऱ्यांना आहे. खरेदीच्या भावाला झाले असतील, तर विकणाऱ्यांना.

दिसणारी ऑर्डर आणि झालेला सौदा

डेप्थच्या तळाशी दोन मोठे आकडे असतात: एकूण खरेदी संख्या आणि एकूण विक्री संख्या. व्हॉट्सअ‍ॅप आणि टेलिग्रामच्या ग्रुपांवर रोज कुणीतरी त्याचा स्क्रीनशॉट टाकतं, ‘बाय क्वांटिटी दुप्पट आहे, शेअर वर जाणार’. कृपा करून या आकड्यावर पैसे लावू नका. त्यात आजच्या भावापासून दोन-तीन टक्के लांब, ‘पडला तर घेऊ’ म्हणून टाकून ठेवलेल्या ऑर्डरीही असतात. आज त्यांच्यापर्यंत भाव पोचेलच असं नाही. भाजीबाजारात वीसजण भाव विचारतात, पिशवी उघडतात त्यातले दोघंतिघं. टेप वाचणाऱ्याचं लक्ष पिशवी उघडणाऱ्यांवर हवं.

शिवाय दिसतं ते पूर्ण नसतं आणि काही वेळा खरंही नसतं. पूर्ण नसतं, कारण एनएसईवर डिस्क्लोज्ड क्वांटिटीची सोय आहे. पन्नास हजार शेअर विकायचे असतील तर ऑर्डरच्या किमान दहा टक्के, म्हणजे पाच हजार दाखवून बाकीचे झाकून ठेवता येतात. दाखवलेले खपले की पुढचे पुढे येतात. स्टॉपलॉसच्या, म्हणजे भाव विरुद्ध गेला तर सौदा आपोआप मिटवायच्या, ऑर्डरीही डेप्थमध्ये नसतात. त्या वेगळ्या ठिकाणी पडून राहतात आणि ट्रिगरचा भाव लागला की मगच बाजारात उतरतात.

आणि खरं नसतं, कारण काही ऑर्डरी पूर्ण करायच्या हेतूने टाकलेल्याच नसतात. मोठी खरेदी दाखवायची, बघणाऱ्यांना धीर द्यायचा, त्यांनी भाव वर नेला की स्वतःचा माल विकायचा आणि मग ती मोठी ऑर्डर काढून टाकायची. याला स्पूफिंग म्हणतात आणि हा गुन्हा आहे. ६ मे २०१० ला अमेरिकेचा बाजार काही मिनिटांत कोसळून सावरला. त्या घसरगुंडीला हातभार लावल्याच्या प्रकरणात लंडनमध्ये आईवडिलांच्या घरातून ट्रेडिंग करणाऱ्या नविंदर सिंग सराओ याने २०१६ मध्ये स्पूफिंगची कबुली दिली. आपल्याकडेही बाजाराची नियामक संस्था सेबीने एप्रिल २०२५ मध्ये एका ब्रोकिंग कंपनीविरुद्ध अशाच आरोपावरून अंतरिम आदेश काढला.

दिखाऊ ऑर्डर ओळखायची एक व्यावहारिक खूण आहे. भाव तिच्या जवळ आला की ती मागे सरकते किंवा नाहीशी होते. खरा घेणारा भाव जवळ आल्यावर तिथेच थांबतो, त्याचे शेअर पुरे होतात, आणि एकूण व्हॉल्यूम, म्हणजे दिवसभरात खपलेल्या शेअरची संख्या, त्या प्रमाणात वाढलेला दिसतो. म्हणून डेप्थमधल्या मोठ्या आकड्याचा अर्थ लावायची घाई नको. भाव तिथे पोचू द्या आणि मग बघा.

किती माल खपला, भाव किती हलला

आता मुख्य भागाकडे येऊ. टेपमधून मिळणारी सर्वांत विश्वासाची माहिती व्हॉल्यूम आणि भावाची हालचाल एकमेकांशेजारी ठेवल्यावर मिळते. एकट्या व्हॉल्यूमला फारसा अर्थ नाही, एकट्या भावालाही नाही.

तोच शेअर सकाळपासून चढत ११ वाजून २० मिनिटांनी ४२५ ला आलाय असं समजू. कालचा उच्चांक इथलाच, म्हणजे अनेकांच्या नजरा या भावावर आहेत. आपण दिवसाचा एकूण व्हॉल्यूम टिपून ठेवतो: १८ लाख ४० हजार. या वेळेला हा शेअर मिनिटाला साधारण सहा हजारांनी चालतो, हे आधीच्या दिवसांवरून माहीत आहे. डेप्थमध्ये ४२५.०० ला ५,००० शेअर विकायला दिसतात. सौदे होतात, आकडा ३,२०० वर येतो, मग ९०० वर, आणि पुन्हा ५,०००. पुन्हा खाली, पुन्हा वर. ११ वाजून ३२ मिनिटांनी एकूण व्हॉल्यूम २० लाख १० हजार झालाय. बारा मिनिटांत १ लाख ७० हजार शेअर खपले. नेहमीच्या वेगाने ७२ हजार खपायला हवे होते. आणि एवढं होऊन भाव ४२५.१० च्या वर एकदाही गेला नाही.

काय कळलं? इथे कुणीतरी मोठा माल घेऊन बसलाय आणि येईल त्या खरेदीदाराला देतोय. बाजाराच्या भाषेत, खरेदी शोषली जातेय. नवशिका इथे लगेच शॉर्ट करतो, म्हणजे हातात नसलेला शेअर आधी विकून नंतर स्वस्तात घ्यायला बघतो, कारण ‘वरून विक्री आहे’ हे त्याला कळलेलं असतं. पण त्या १ लाख ७० हजार शेअरला घेणारेही तेवढेच होते. विकणाऱ्याकडे आणखी किती शिल्लक आहे ते आपल्याला दिसत नाही. तो संपत आलेला असेल, तर हीच जागा तेजीची सुरुवात ठरू शकते.

निकाल लागतो तो भाव मागे फिरल्यावर, म्हणून पुढची दहा मिनिटं पहिल्या बारा मिनिटांपेक्षा मोलाची. समजा भाव हळूहळू ४२४.४० पर्यंत उतरतो, त्या उतरणीत जेमतेम पंधरा-वीस हजार शेअर होतात, आणि ४२४.४०, ४२४.४५, ४२४.५० ला खरेदीदार येऊन उभे राहतात. मघाशी वर ज्यांनी घेतलं ते घाबरून विकत नाहीयेत. विकणाऱ्यालाही खाली पाठलाग करत माल द्यायची गरज वाटत नाहीये. आता दुसऱ्या फेरीत भाव ४२५ ला आला आणि दहा-बारा हजारांतच ती भिंत संपली, ४२५.०५, ४२५.१५ असे सौदे होऊ लागले, तर विकणारा बहुधा मोकळा झालाय.

याउलट मागे फिरताना खरेदीच्या भावांवर पटापट सौदे व्हायला लागले, ४२४.८० ला उभी असलेली खरेदी पुरी होण्याआधीच लोक ती काढून घेऊ लागले, आणि प्रत्येक छोट्या उसळीला आधीपेक्षा खालच्या भावावर नवा विक्रेता उभा राहिला, तर वर घेतलेले लोक अडकले आहेत. ते बाहेर पडायचा रस्ता शोधतायत आणि त्यांचीच विक्री भाव आणखी खाली नेईल.

४२५ फुटल्यावर काय होतं तेही नीट समजून घ्यायला हवं. ज्यांनी ४२५ जवळ शॉर्ट केलं होतं त्यांचे स्टॉपलॉस ४२५.५० किंवा ४२६ च्या आसपास लपलेले असतात. भाव तिथे लागला की त्या ऑर्डरी एकदम बाजारात उतरतात, सौद्यांचा वेग अचानक वाढतो, भाव एका दमात पन्नास-साठ पैसे किंवा रुपया वर जातो. बघणाऱ्याला वाटतं, मोठी खरेदी आली. प्रत्यक्षात हे नाइलाजाने घेणारे लोक असतात आणि त्यांचं घेऊन झालं की ते संपतात. म्हणून त्या झटक्यात घुसणं मला पटत नाही. झटका ओसरल्यावर भाव ४२५ च्या वर टिकतो का, खाली येऊन ४२५ ला खरेदीदार उभे राहतात का, हे बघून घेतलेला सौदा थोडा महाग पडतो. पण नव्या खरेदीदारांचा आधार आहे की नाही हे तोपर्यंत कळलेलं असतं. जे अनुभवी ट्रेडर झटक्याआधीच, दुसऱ्या फेरीतल्या हलक्या विक्रीवर घेतात, त्यांचा मार्ग आणखी चांगला. तिथवर यायला मात्र वेळ लागतो.

तिसरी स्थिती थोडक्यात सांगतो: फार कमी शेअरमध्ये भाव बराच हलणं. दुपारी साडेबारा-एकच्या सुमारास, लोक जेवायला गेलेले असताना, हे पुष्कळदा दिसतं. रस्त्यात कुणीच उभं नसतं म्हणून भाव सरकतो. अशी हालचाल तितक्याच सहज उलटते.

तुमच्या पडद्यावर काय येत नाही

अनेकजण लास्ट ट्रेडेड क्वांटिटी, म्हणजे शेवटच्या सौद्यातली शेअरची संख्या, या आकड्याकडे टक लावून बसतात. मोठा आकडा चमकला की ‘मोठा प्लेअर आला’ असं ठरवतात. दोन कारणांनी हे धोक्याचं आहे.

एक म्हणजे साध्या ब्रोकरच्या अ‍ॅपवर प्रत्येक सौदा येतच नाही. येते ती ठरावीक अंतराने घेतलेली बाजाराची स्थिती. जोरात चाललेल्या शेअरमध्ये दोन अपडेटच्या मध्ये अनेक सौदे होऊन गेलेले असतात आणि तुम्हाला त्यातला शेवटचा तेवढा दिसतो. प्रत्येक सौद्याचा डेटा घेणारी यंत्रं एक्सचेंजच्याच आवारात ठेवलेली असतात. २९ ऑक्टोबर १९२९ ला न्यूयॉर्कमध्ये १ कोटी ६४ लाख शेअरचे सौदे झाले तेव्हा कागदी पट्टी तासन्‌तास मागे पडली होती आणि लोक केव्हाच होऊन गेलेले भाव वाचत होते. आजचा उशीर सेकंदाच्या आतला असला तरी तो आहे. म्हणून सेकंदाच्या खेळात आपण उतरायचंच नाही. दहा-पंधरा मिनिटांत उलगडणारी शोषणासारखी गोष्ट वाचायला हा डेटा पुरेसा आहे, आणि त्यासाठी एका सौद्याची संख्या बघण्याऐवजी दिवसाच्या एकूण व्हॉल्यूममधला फरक टिपावा. तो आकडा मधले न दिसलेले सौदेही धरून असतो.

दुसरं म्हणजे मोठ्या संस्था आज एकदम मोठी ऑर्डर टाकत नाहीत. म्युच्युअल फंडाला दहा लाख शेअर घ्यायचे असतील तर अल्गो, म्हणजे आपोआप ऑर्डरी टाकणारा संगणकी प्रोग्रॅम, त्याचे शेकडो तुकडे करून दिवसभर पसरवतो, बऱ्याचदा दिवसाच्या सरासरी भावाच्या जवळ राहायच्या हिशोबाने. त्यामुळे मोठा घेणारा ओळखायचा तो त्याच्या चिकाटीवरून. निफ्टी घसरली तरी या शेअरला सरासरी भावाजवळ पुन्हा पुन्हा आधार मिळतोय, प्रत्येक घसरण आधीच्यापेक्षा थोडी वरच थांबतेय, असं तासभर दिसलं तर मागे कुणीतरी आहे. डेप्थमध्ये एटीपी म्हणून जो आकडा असतो तो हाच सरासरी भाव.

निफ्टीची खिडकी बाजूला उघडी हवीच. निफ्टीत मोठं वजन असलेल्या शेअरमध्ये, म्हणजे एचडीएफसी बँक, रिलायन्स, आयसीआयसीआय बँक यांत, होणाऱ्या कित्येक सौद्यांचा त्या कंपनीशी संबंध नसतो. निर्देशांकाचा फ्युचर, म्हणजे वायदा, आणि प्रत्यक्ष शेअर यांच्या भावातला फरक टिपणारे एकाच वेळी पन्नासही शेअर घेतात किंवा विकतात. अशा शेअरची टेप एकटी वाचली तर चुकीचा अर्थ निघतो. प्रश्न असा विचारा: निफ्टी चाळीस अंक पडली तेव्हा हा शेअर किती पडला, आणि ती वीस अंक सावरली तेव्हा हा किती सावरला?

वेळेचंही भान हवं. सव्वानऊनंतरची पहिली पंधरा-वीस मिनिटं रात्रभरच्या बातम्या, अडकलेले सौदे आणि उत्साह यांनी भरलेली असतात. तिथला व्हॉल्यूम नेहमीच्या मापाने मोजता येत नाही. दुपारी तीननंतर ब्रोकर उघडे इंट्राडे सौदे आपणहून बंद करायला लागतात, त्यामुळे दिवसभर चढलेल्या शेअरमध्ये विक्री आणि पडलेल्यात खरेदी येऊ शकते. त्यात कुणाचं मत नसतं, फक्त सौदा मिटवायचा असतो.

कुठले शेअर घ्यायचे, कुठले नाहीत

टेप वाचायची तर टेपवर भरपूर सौदे हवेत. ज्या शेअरचे वायदे चालतात त्यांच्यापासून सुरुवात करा. त्यांत स्प्रेड लहान असतो आणि दोन्ही बाजूंना खरी गर्दी असते. दिवसाला काही हजार शेअर होणाऱ्या स्मॉलकॅपमध्ये एकच माणूस भाव हलवू शकतो. तिथे तुम्ही टेप वाचत नाही, कुणीतरी तुमच्यासाठी लिहिलेलं वाचता. अप्पर सर्किटला, म्हणजे दिवसाच्या वरच्या भावमर्यादेला, लागलेल्या शेअरमध्ये तर विकणाराच नसतो, म्हणजे वाचायला काही उरत नाही.

मोठे शेअरही काही क्षणांत पोकळ होऊ शकतात. ५ ऑक्टोबर २०१२ च्या सकाळी एका ब्रोकरच्या टर्मिनलवरून चुकीच्या ५९ ऑर्डरी गेल्या, साडेसहाशे कोटींहून अधिक रुपयांचे सौदे झाले आणि निफ्टी काही क्षणांत नऊशेहून अधिक अंकांनी कोसळली. पंधराएक मिनिटं बाजार थांबवावा लागला. देशातल्या सर्वांत मोठ्या पन्नास कंपन्यांचे शेअर होते ते. खरेदीच्या बाजूला उभी असलेली संख्या अशा विक्रीपुढे किती तोकडी असते हे त्या दिवशी दिसलं. म्हणून टेप कितीही चांगली वाचता येत असली तरी स्टॉपलॉस यंत्रणेत टाकलेला असलाच पाहिजे. ‘टेप बिघडली की मी हाताने निघेन’ हा बेत अशा क्षणी चालत नाही.

खर्चाचा हिशोब

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण माझ्या मते शिकणाऱ्याचं भवितव्य इथे ठरतं. ४१२ च्या भावाने २४० शेअर घेतले, म्हणजे साधारण ९९ हजारांचा सौदा. ऑर्डरमागे वीस रुपये ब्रोकरेज धरलं तर येऊन-जाऊन चाळीस. विक्रीवर ०.०२५ टक्के एसटीटी हा सौद्यावरचा कर, म्हणजे पंचवीस. एक्सचेंजचे शुल्क, खरेदीवरची स्टॅम्प ड्युटी आणि जीएसटी मिळून सतरा-अठरा. एकूण ऐंशीच्या थोडं वर. शेअरमागे हे झाले जवळपास ३५ पैसे, म्हणजे सात टिक. घाईत घेऊन घाईत विकलं तर स्प्रेडचे आणखी दहा पैसे. म्हणजे भाव ४५ पैसे तुमच्या बाजूने गेला तेव्हा कुठे तुम्ही जागच्या जागी येता. दोन-तीन टिकांसाठी उड्या मारणारा माणूस टेप अगदी बरोबर वाचत असला तरी पैसे गमावतो.

सेबीने जुलै २०२४ मध्ये शेअरच्या इंट्राडे सौद्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. २०२२-२३ या आर्थिक वर्षात इंट्राडे करणाऱ्या वैयक्तिक ट्रेडरपैकी ७१ टक्क्यांना तोटा झाला. वर्षात पाचशेहून जास्त सौदे करणाऱ्यांत हे प्रमाण ८० टक्के होतं. तोट्यात गेलेल्यांनी त्या तोट्याच्या ५७ टक्के इतकी रक्कम वर खर्चापोटी घातली. ज्यांना घरखर्च भागवायचाय, कर्ज फेडायचंय, अशा तरुणांनी हे आकडे आधी वाचावेत असं मला मनापासून वाटतं. टेप रीडिंगने पटकन मिळकत सुरू होते असं जो क्लास सांगतो, त्याला फी देऊ नका.

सराव

तीन शेअर निवडा आणि काही महिने तेच बघा. शेअर बदलत राहिलं तर ‘नेहमीचा व्हॉल्यूम’ म्हणजे किती हेच कळत नाही, आणि ते कळल्याशिवाय जास्त काय नि कमी काय? कुठल्या शेअरमध्ये पाच हजारांची ऑर्डर मोठी आणि कुठल्यात किरकोळ, स्प्रेड सहसा किती टिकांचा, निफ्टीबरोबर तो किती चालतो, हे अंगवळणी पडायला हवं.

सुरुवातीला सौदे करू नका. कालचा उच्चांक, कालचा नीचांक, आजचा पहिल्या अर्ध्या तासाचा उच्चांक-नीचांक अशा चार जागा सकाळी वहीत लिहा. एरवी टेप बघत बसायची गरज नाही. डोळे थकतात आणि नसलेले अर्थ दिसायला लागतात. भाव त्या चारपैकी एका जागेजवळ आला की बसा. आल्याची वेळ, एकूण व्हॉल्यूम, निफ्टी कुठे आहे, हे लिहा. पुढे काय होईल असं वाटतं ते एका वाक्यात आधीच लिहून टाका, मग बघा. पडदा रेकॉर्ड करून संध्याकाळी पुन्हा बघितला तर फार फायदा होतो. दिवसा जे नजरेतून निसटलं ते संध्याकाळी भाव माहीत असल्यामुळे स्पष्ट दिसतं, फक्त त्या स्पष्टपणावर फार विश्वास ठेवू नका. दिवसा लिहिलेलं वाक्यच तुमची खरी परीक्षा.

त्यानंतर एक शेअर घेऊन सौदे सुरू करा. रोख बाजारात एक शेअरही घेता येतो, आणि ब्रोकरेज सौद्याच्या टक्क्यांत घेणारा ब्रोकर असेल तर खर्च पैशांत राहतो. पाचपट मार्जिन मिळतंय, म्हणजे खिशातल्या पैशांच्या पाचपट सौदा करता येतोय, म्हणून पहिल्याच महिन्यात ते वापरायचं काही कारण नाही. घेताना कारण लिहा, उदाहरणार्थ ‘दुसऱ्या फेरीत ४२५ ला विक्री हलकी’. ते कारण संपलं, म्हणजे ४२५ ला पुन्हा पाच-पाच हजार शेअर येऊन उभे राहू लागले, की स्टॉपलॉस लागायची वाट न बघता बाहेर पडा. भाव त्या क्षणी ४२५.२० असेल, ४२४.९० असेल, घेतानाचं कारण उरलं नाही एवढं बाहेर पडायला पुरे. महिनाअखेरीला वहीतले सौदे कारणांप्रमाणे वेगळे करा, खर्च वजा करा आणि कुठल्या कारणाने पैसे मिळाले ते बघा. बहुतेकांच्या बाबतीत एखाददुसरंच कारण टिकतं. पुढच्या महिन्यात तेवढ्याच जागांवर सौदे घ्या, बाकीच्या नुसत्या बघा.